शेवरले इम्पाला व्ही६: दोन हिवाळ्यांनंतरचा अनुभव आणि इतर अमेरिकन सेडानशी तुलना

गाडी २०१७ ची शेवरले इम्पाला, ३.६ लिटर व्ही६ (सहा सिलिंडरचं इंजिन), सेकंडहँड घेतलेली. मुक्काम डेट्रॉइटच्या उपनगरात. रोजचं ऑफिस, मुलांची शाळा, किराणा आणि सुट्टी मिळाली की आय-७५ नाहीतर आय-९४ हायवे. दोन हिवाळे काढून झालेत, त्यामुळे आता अधिकाराने बोलायला हरकत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. अमेरिकन सेडानबद्दल लिहिणारे बहुतेक जण तिला जर्मन गाडीच्या परीक्षेला बसवतात आणि मग नापास करतात. वळणावर किती चिकटून राहते, स्टिअरिंगमधून रस्ता हाताला किती कळतो, वगैरे वगैरे. अहो, मिशिगनमध्ये वळणं आहेत कुठे? इथे चार-चार तास नाकासमोर जायचं असतं, उतरल्यावर पाठ धरायला नको असते आणि मागे बसलेल्यांची झोप मोडायला नको असते. अमेरिकन सेडान या कामासाठी जन्मली, तर तिला याच मापाने मोजावं. या मापाने माझ्या लेखी इम्पाला पहिली आणि क्रायस्लर ३०० अगदी थोडक्यात दुसरी. चालवायला सगळ्यांत गोड असलेली फोर्ड फ्यूजन तिसरी आणि शेवरलेचीच मॅलिबू शेवटची. ज्यांना भांडायचंय त्यांनी खुशाल भांडावं.

या चारही गाड्या चांगल्या ओळखीच्या आहेत. फ्यूजन आधी माझ्याकडेच होती, ३०० शिकागोजवळ राहणाऱ्या मेहुण्याची आहे आणि मॅलिबू ऑफिसच्या दौऱ्यांत भाड्याने इतक्यांदा मिळाली की तिची बटणं अंधारातही सापडतात.

इम्पालाचं इंजिन आधी. ३०५ हॉर्सपॉवर, टर्बो नाही, साधं ८७ ऑक्टेनचं पेट्रोल चालतं. टर्बोची सवय झालेल्यांना सुरुवातीला ही थंड वाटेल, कारण खालच्या आरपीएमला धक्का बसत नाही. पण ताकद सरळ रेषेत वाढत जाते आणि चार हजारांच्या वर आवाजही बदलतो. हायवेला चढताना मागून ट्रक येत असेल तर पाय दाबायचा आणि विसरायचं. ताशी ७५ मैलांच्या वेगाला इंजिन दोन हजारांच्या खालीच घुटमळत असतं. बे सिटीच्या वर आय-७५ वर आता ७५ ची मर्यादा आहे. त्या पट्ट्यात, पुढे मॅकिनॉ पुलापर्यंत, ही गाडी काय चीज आहे ते कळतं. दोन्हीकडे पाइनची झाडं आणि आत टायरचा हलका घुमघुमाट. बायको तिकडे जाताना कायम झोपते, आणि माझ्या मते हेच या गाडीचं सर्वांत मोठं प्रशस्तिपत्रक आहे. फ्यूजनमध्ये ती जागी असायची आणि सूचना द्यायची.

गिअरबॉक्स सहा स्पीडचा. इथे इम्पालाचं वय दिसतं. अर्धवट पाय दाबून ओव्हरटेक करायला गेलात तर तो आधी विचार करतो, मग एक गिअर खाली येतो, मग पुन्हा विचार करतो. पूर्ण दाबलात तर मात्र लगेच ऐकतो. पुढच्या चाकांवर ३०५ घोडे टाकलेत म्हटल्यावर ओल्या रस्त्यावर सिग्नलला जोरात निघालं तर स्टिअरिंग थोडं ओढतं, तेही धरून चाला.

डिकी १८.८ घनफूट, म्हणजे साधारण ५३० लिटर. आई-बाबा भारतातून आले तेव्हा विमानतळावर त्यांच्या २३-२३ किलोच्या चारही बॅगा त्यात सपाट बसल्या आणि वर केबिन बॅगा ठेवायला जागा उरली. शेजारी एक सद्गृहस्थ आपल्या मध्यम आकाराच्या एसयूव्हीत हेच करायला मागची सीट पाडत होते. मी काही बोललो नाही, पण बघितलं मात्र नीट.

गाडीचं नाव ऐकून सर्वांत खूष झाले ते बाबा. त्यांच्या पिढीच्या मुंबईकराला इम्पाला म्हणजे सिनेमावाल्यांची आणि शेठ लोकांची गाडी. अमेरिकन गाड्या मुंबईला नव्या नव्हत्याच म्हणा. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता आणि स्वातंत्र्याच्या सुमारास प्रीमियरने कुर्ल्याला डॉज, प्लायमाउथ, डीसोटो जुळवायला सुरुवात केली. बाबांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि विचारलं, "ही इम्पाला? हिला मागे पंख नाहीत?" १९५९ च्या मॉडेलला होते, बाबा. आता मागे एवढुशी काच आहे आणि त्याबद्दल मला तक्रार आहेच. मागचा भाग उंच, मागच्या काचेलगतचे खांब (सी-पिलर) जाडजूड, त्यामुळे रिव्हर्स घेताना कॅमेऱ्याशिवाय गत्यंतर नाही. मिशिगनच्या हिवाळ्यात त्या कॅमेऱ्यावर मिठाचा चिखल बसतो. मागे घ्यायच्या आधी खाली उतरून बोटाने पुसायचा, हे आता अंगवळणी पडलंय.

एक गंमत सांगायची राहिली. मधला आठ इंची स्क्रीन बटण दाबलं की वर सरकतो आणि मागे लपवलेला कप्पा दिसतो. पिन टाकून तो बंद करता येतो. उपयोग काय, तर फारसा नाही. पण घरी येणारं प्रत्येक पोर एकदा तरी ते बटण दाबून बघतं.

आता या गाडीला लोक ओळखत का नाहीत, तेही सांगतो. २०१३ मध्ये कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकांसाठी वस्तू तपासणाऱ्या मासिकाने नव्या इम्पालाला १०० पैकी ९५ गुण देऊन सगळ्या सेडानमध्ये पहिला नंबर दिला. निदान वीस वर्षांत प्रथमच हा मान अमेरिकन गाडीला मिळाला होता. आणि शेवरलेने त्याच वेळी काय करावं? जुनी, आधीच्या पिढीची इम्पाला 'इम्पाला लिमिटेड' या नावाने २०१६ पर्यंत भाड्याच्या आणि सरकारी ताफ्यांसाठी बनवत राहिले. विमानतळावर ज्यांना ती मिळाली, त्यांच्या डोक्यात इम्पाला म्हणजे तीच बसली. चांगल्या गाडीचं नाव घरच्यांनीच असं वापरलं तर ग्राहकाने काय करायचं? फेब्रुवारी २०२० मध्ये डेट्रॉइट-हॅमट्रॅमॅकच्या कारखान्यातून शेवटची इम्पाला निघाली. आज तिथे इलेक्ट्रिक हमर बनते.

मेहुण्याच्या ३०० बद्दल लिहायचं म्हणजे जरा जपून, कारण तो हे वाचणार आहे. ती गाडी दारात उभी असली की दार मोठं वाटतं. २००५ ची पहिली ३०० डिझायनर राल्फ गिल्सच्या हातची. लांब बॉनेट, उंच कंबर, चिंचोळ्या काचा. २०११ मध्ये ती नव्याने आली, पण बाज तोच राहिला. हाडं अंशतः मर्सिडीजची, कारण पहिली ३०० आली तेव्हा मर्सिडीजवाली डाइमलर आणि क्रायस्लर यांचा संसार चालू होता. मागच्या सस्पेन्शनची मांडणी तत्कालीन ई-क्लासवरून घेतलेली. ते जाणवतं. गाडी मागच्या चाकांवर चालते, व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, १२० इंचांचा आहे, आणि आय-९४ वर कॅलमॅझूच्या आसपासच्या खराब पट्ट्यातून ती अशी जाते की रस्ता नुकताच केलाय असं वाटावं.

आठ स्पीडचा गिअरबॉक्स मूळ झेडएफ या जर्मन कंपनीच्या रचनेचा, आणि इथे ती इम्पालाला सरळ हरवते. मेहुण्याकडे २९२ हॉर्सपॉवरचा पेंटास्टार व्ही६ आहे. कागदावर इम्पालापेक्षा कमी, पण गिअरबॉक्स शहाणा असल्याने चालवताना जास्त वाटतो. ५.७ लिटरची हेमी त्याला हवी होती, बहिणीने मोडता घातला. हेमीत आठांपैकी चार सिलिंडर झोपवायची सोय आहे हे त्याने तिला सांगून पाहिलं. "मग चारच घे ना," ती म्हणाली. यावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही.

मग ३०० पहिली का नाही? त्या काचा. पुढे बसलं की रणगाड्याच्या झरोक्यातून बाहेर पाहतोय असं वाटतं आणि मागे बसलेल्या मुलांना आकाशच दिसतं. डिकी १६.३ घनफूट, म्हणजे इम्पालापेक्षा गाडी भारदस्त आणि जागा कमी. हिवाळ्यात साध्या टायरवर मागच्या चाकांची ३०० नको. ऑल-व्हील-ड्राइव्ह व्ही६ शोधा नाहीतर विंटर टायर घाला. डॉज चार्जर म्हणजे हीच गाडी जिममध्ये जाऊन आलेली, तिच्याबद्दल वेगळं लिहीत नाही. दोघीही कॅनडात ब्रॅम्प्टनला बनायच्या आणि दोघींचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये थांबलं.

फ्यूजनची मला आजही आठवण येते. हीच गाडी युरोपात माँडेओ म्हणून विकली गेली आणि स्टिअरिंग हातात घेतलं की ते कळतं. माझ्याकडे १.५ टर्बो होती, १८१ हॉर्सपॉवरची. हलकी, चपळ, वळणावर आनंद देणारी. पण तीन तासांनंतर सीट टोचायला लागायची आणि मागे उंच माणसाचं डोकं छताला लागायचं, कारण देखणं छत मागे उतरत जातं. घ्यायची तर मधल्या काळात आलेली फ्यूजन स्पोर्ट बघा, २.७ लिटर ट्विन टर्बो व्ही६, ३२५ हॉर्सपॉवर, चारही चाकांना ताकद. तिचे शॉक अ‍ॅब्झॉर्बर खड्डा ओळखतात आणि चाक पूर्ण आत पडायच्या आधी घट्ट होतात. खड्डा ओळखणारी गाडी पुण्या-मुंबईकडे कुणी आणली असती तर तिची मिरवणूक निघाली असती. २०१३ ते २०१६ ची फ्यूजन घेत असाल तर गिअर केबलच्या बुशिंगचा २०२२ चा रिकॉल (कंपनीने जाहीर केलेली फुकट दुरुस्ती) पूर्ण झालाय का हे व्हीआयएन, म्हणजे गाडीचा चॅसी नंबर, टाकून एनएचटीएसए या अमेरिकी रस्तासुरक्षा खात्याच्या साइटवर तपासा. फुकट आहे, दोन मिनिटं लागतात.

मॅलिबूबद्दल थोडक्यात. हायवेला गॅलनला ३५-३६ मैलांचं अ‍ॅव्हरेज, भरपूर उपलब्ध, सुटे भाग सगळीकडे. २०१९ पासून १.५ ला सीव्हीटी (गिअरच्या पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आहे आणि चढावर तो इंजिनाला ओरडायला लावतो. व्हीलबेस इम्पालाच्या जवळजवळ इतकाच असूनही आत बसल्यावर सगळं एक माप लहान वाटतं. कॉलेजला जाणाऱ्या मुलीसाठी उत्तम. नोव्हेंबर २०२४ मध्ये तीही संपली. १९६४ पासूनचं नाव, पण वर्तमानपत्रांशिवाय कुणी हळहळलेलं दिसलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट हसू आणते. माझी फ्यूजन मेक्सिकोतल्या एर्मोसिओची, मेहुण्याची ३०० ओंटारियोची. शेजारी आपल्याला 'अमेरिकन गाडी घेतली' म्हणून शाबासकी देतात. त्याच गल्लीतली कॅमरी केंटकीच्या जॉर्जटाउनची आणि अकॉर्ड ओहायोतल्या मेरीसव्हिलची, जिथे १९८२ मध्ये ती बनायला लागली. डेट्रॉइटच्या आसपास हे मोठ्याने बोलू नये, पण लिहायला हरकत नाही.

सेडान का संपल्या, याचं अर्ध उत्तर आईच्या गुडघ्यांनी दिलं. इम्पालात बसताना तिला खाली जावं लागतं आणि उठताना दाराचा आधार घ्यावा लागतो. शेजाऱ्यांच्या क्रॉसओव्हरमध्ये ती खुर्चीत बसल्यासारखी बसते. ज्या वयाचे लोक मोठ्या सेडान घेत, त्याच वयाचे गुडघे दुखतात, त्याला कंपनी काय करणार? उरलेलं अर्ध उत्तर नियमांचं. गाडीचा आकार आणि 'लाइट ट्रक' हा वर्ग पाहून सरकार इंधनाची अट ठरवतं आणि ट्रकच्या वर्गाला ती सैल पडते. त्यावर नफाही जास्त. एप्रिल २०१८ मध्ये फोर्डने उत्तर अमेरिकेतल्या सेडान बंद करायचं जाहीर केलं तेव्हा इथे ऑफिसात चर्चा झाली, पण आश्चर्य कुणालाच वाटलं नाही.

इम्पाला घेणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. अ‍ॅव्हरेज मला गॅलनला हायवेवर २९-३० मैल, गावात १८-१९ मिळतं. किलोमीटरमध्ये सांगायचं तर लिटरला साडेबारा आणि आठच्या आसपास, त्यामुळे पेट्रोल वाचवायला ही गाडी घेऊ नका. २.५ लिटरचं चार सिलिंडर एवढ्या मोठ्या गाडीला पुरतं, पण मजा येत नाही. अ‍ॅपल कारप्ले हवं असेल तर २०१६ किंवा पुढचं मॉडेल. ३.६ मध्ये टायमिंग चेन आहे आणि तिचं आयुष्य तेलावर अवलंबून, म्हणून स्क्रीनवर ऑइल लाइफ शून्य होईपर्यंत थांबू नका. मी ३० टक्क्यांच्या आसपास बदलतो. आधीच्या मालकाने तेल कधी बदललं याचे कागद मागाच. एका डीलरकडे कागद मागितल्यावर मला कॉफी मिळाली, कागद नाहीत. तिथून निघालो आणि दुसरीकडे गाडी घेतली.

आणि चाकं. इम्पालाच्या 'प्रीमियर' या वरच्या मॉडेलला २० इंची चाकंही मिळायची, फोटोत झकास दिसतात. इथे फेब्रुवारी-मार्चमध्ये फटीत शिरलेलं पाणी गोठतं, वितळतं, पुन्हा गोठतं आणि डांबराचे तुकडे उडतात. तेव्हा २० इंचीच्या पातळ टायरचं काय होतं ते टायरवाल्याला विचारा. १८ इंची असलेलीच शोधा. मी तीच शोधली आणि दोन्ही हिवाळ्यांत रिम शाबूत राहिली.

मुलाचं म्हणणं, अमेरिकन सेडान संपली वगैरे काही नाही, टेस्ला मॉडेल ३ कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला बनते, ती सेडानच आहे. बरोबर आहे त्याचं. चालवून आलो, पिकअप भयंकर आहे, सीटही बरी आहे. पण वेग बघायला रस्त्यावरची नजर काढून मधल्या स्क्रीनकडे न्यावी लागते, आणि माझ्या वयाला ते जमत नाही. लान्सिंगला बनणारी कॅडिलॅक सीटी५ अजून मिळते, ती सेकंडहँड बाजारात खाली उतरली की बघणार आहे. तोवर इम्पाला ठेवतोय. कुणाला चालवून बघायची असेल तर शनिवारी सकाळी या, फक्त बायको मागे झोपली असेल तर दार हळू लावा.