जीटी 710 आठ महिने वापरल्यावर: खोट कार्डात नव्हती, केबलमध्ये होती

लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल असं डीटीपीचं काम मी घरून करते. मशीन जुनंच आहे: चौथ्या पिढीचा आय-थ्री, 8 जीबी रॅम, विंडोजऐवजी लिनक्स मिंट 21 ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टीम. एका मॉनिटरवर हस्तलिखित आणि दुसऱ्यावर पान उघडं ठेवता आलं की प्रूफं निम्म्या वेळात होतात. मदरबोर्डावर मात्र मॉनिटर जोडायला एकच व्हीजीए पोर्ट. म्हणून एनव्हिडिया कंपनीचं जीटी 710 हे ग्राफिक्स कार्ड घेतलं, 2 जीबीचं, बिनपंख्याचं. 19 वॉटचं कार्ड असल्यामुळे पॉवरची वेगळी वायर लागत नाही आणि मशीनला वीज पुरवणाऱ्या जुन्या एसएमपीएसवर ते निभावतं. मला तेच हवं होतं.

पहिल्या रात्री मी ते परत करायला निघाले होते. नवा मॉनिटर एचडीएमआयवर, जुना 17 इंची व्हीजीएवर, दोन्ही केबली कार्डाला लावल्या. बटण दाबल्यावर बोर्डाचा लोगो आला, मिंटचं चिन्ह आलं आणि मग काळा पडदा, वर डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी आडवी रेघ. कार्ड खोक्यात भरता भरता लक्षात आलं, लोगो दिसला म्हणजे कार्डातून चित्र बाहेर येतंय. ते मेलेलं नाही.

कंट्रोल-ऑल्ट-एफ2 दाबून अक्षरांच्या पडद्यावर गेले आणि पडद्यावर चित्र मांडणाऱ्या एक्सऑर्ग या प्रोग्रॅमचा लॉग, म्हणजे नोंदींची फाइल, उघडला. शेवटी लिहिलेलं होतं, 'नो स्क्रीन्स फाउंड'. थोडं वर पाहिलं तर एक्सऑर्ग बोर्डावरच्या इंटेल ग्राफिक्सला शोधत होतं, 0:2:0 या पत्त्यावर. जोडलेले भाग दाखवणाऱ्या एलएसपीसीआय या कमांडच्या यादीत त्या पत्त्यावर काहीच नव्हतं. बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, प्रायमरी डिस्प्ले 'ऑटो'वर होता, त्यामुळे नवं कार्ड दिसताच बोर्डाने स्वतःचं ग्राफिक्स बंद केलं होतं. मग जुना पत्ता एक्सऑर्गला दिला कोणी? मीच. दोन वर्षांपूर्वी जुना मॉनिटर 1024 बाय 768 वरच अडकायचा, अक्षरं फुगीर दिसायची. तेव्हा मी एक्सऑर्ग डॉट कॉन्फ ही सेटिंगची फाइल लिहून त्यात 1280 बाय 1024 सक्तीने घातलं होतं. काम भागलं आणि फाइल विसरून गेले.

फाइलचं नाव बदललं, मशीन पुन्हा चालू केलं, दोन्ही मॉनिटर उजळले. नवा बरोबर 1920 बाय 1080 वर. जुना परत 1024 बाय 768 वर! म्हणजे दोन वर्षांपूर्वीचं दुखणं तसंच होतं, मी फक्त त्यावर पट्टी बांधली होती.

मॉनिटर कॉम्प्युटरला स्वतःची माहिती देतो, तिला ईडीआयडी म्हणतात. मूळ माहिती 128 बाइटची: कोणत्या कंपनीचा, आकार, कोणकोणती रेझोल्युशनं चालतात. व्हीजीएमध्ये ती 12 आणि 15 नंबरच्या पिनांमधून येते. ती आली नाही तरी चित्र दिसतं, पण सिस्टीम जोखीम न घेता 1024 बाय 768 वर थांबते. लिनक्सच्या सिस फोल्डरच्या आत डीआरएम नावाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक पोर्टची ईडीआयडी फाइल असते. व्हीजीएची फाइल मोजली तर शून्य बाइट.

दुकानात विचारलं होतं तर 'मॉनिटर जुना झाला, बदलून टाका' असं उत्तर मिळालं. मी शेजारच्या वायरमन काकांकडून मल्टिमीटर आणला. केबलच्या तोंडात पाच-पाचच्या तीन रांगा असतात. मधल्या रांगेत 9 नंबरची पिन नव्हती, पण ती बऱ्याच केबलींत नसते, तिच्यामुळे घाबरू नका. खालच्या रांगेत 12 आणि 15 दोन्ही पिना अगदी चकचकीत होत्या. एका टोकाला मल्टिमीटरची एक सळई 1 नंबरला टेकवली, दुसरी दुसऱ्या टोकाच्या 1 नंबरला, बीप वाजला. 12 ला 12, शांतता. 15 ला 15, शांतता. पिना होत्या, पण आत तारच नव्हती. दुसरी केबल पिनापिना तपासून आणली आणि 128 बाइट लगेच दिसले. त्या दिवशीचा आनंद मला अजून आठवतो.

राहिला ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर. मिंटमध्ये या कार्डाला आपोआप नुवो हा मुक्त ड्रायव्हर मिळतो. ड्रायव्हर मॅनेजरमधून मी एनव्हिडियाचा स्वतःचा 470 नंबरचा ड्रायव्हर घातला. एका कार्डाचा ताबा दोन ड्रायव्हर एकाच वेळी घेऊ शकत नाहीत, म्हणून 470 येताना नुवोला बंदी घालतो. माझ्याकडे सिक्युअर बूट चालू होतं, म्हणजे मंजूर चावीची सही नसलेला ड्रायव्हर आत येऊ न देणारी सोय. इन्स्टॉल करताना पासवर्ड मागितला जातो आणि रीस्टार्टला एक निळा पडदा येतो, त्यावर तोच पासवर्ड देऊन नव्या चावीला मंजुरी द्यायची असते. तो पडदा दहाच सेकंद थांबतो. माझा हुकला. मग 470 ला कर्नलने, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याने, आत घेतलं नाही, नुवोला बंदी, आणि डेस्कटॉप सगळा प्रोसेसरवर. माउस सरकवला तरी खिडक्या मागून फरफटत यायच्या. चावीची मंजुरी पुन्हा करून घेतल्यावर सुरळीत झालं.

पाच महिने 470 वापरला, वेगाबद्दल तक्रार नाही. पण हे एनव्हिडियाच्या केप्लर या जुन्या पिढीचं कार्ड आहे, 470 ही त्याला चालणारी शेवटची मालिका, आणि तिचे सुरक्षेचे अपडेट 2024 मध्ये थांबले. माझं बँकेचं काम याच मशीनवर होतं, म्हणून मी 470 काढून नुवोवर परतले. इंकस्केप आणि स्क्रायबस या माझ्या चित्रं आणि पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये मला फरक जाणवत नाही. गेम खेळणाऱ्यांनी हे कार्ड घेऊच नये. ज्यांना जुन्या मशीनला फक्त दुसरा पडदा जोडायचा आहे, त्यांनी सेकंडहँड स्वस्तात मिळालं तर खुशाल घ्यावं.

एक खोड अजून आहे. मशीन झोपेतून उठलं की जुना मॉनिटर दोन-तीन सेकंद उशिरा जागा होतो आणि त्यावरच्या खिडक्या नव्यावर येऊन बसतात. सध्या मी जेवायला उठताना मशीन झोपवत नाही, नुसते मॉनिटर बंद करते.