मिनी ऑर्किडची कुंडी बदलताना: मॉस की साल-कोळसा?

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे कुरियरने चार मिनी फॅलेनॉप्सिस, म्हणजे छोट्या जातीची ऑर्किडं, आली. लातूरला पोचायला खोक्याला चार दिवस लागले, तरी फुलं शाबूत होती. दोन झाडं मी ताज्या स्फॅग्नम मॉसमध्ये, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या शेवाळात, लावली आणि दोन पाइनची साल अन् लोणारी कोळसा यांच्या मिश्रणात. यामागे शास्त्र वगैरे काही नव्हतं, मला ठरवता येत नव्हतं एवढंच. आता पावसाळा सरत आलाय आणि माझ्यापुरतं ठरलंय.

दोन्हींपैकी काहीही निवडा, पण नर्सरीच्या कपातून झाड एकदा बाहेर काढाच. ही रोपं लहानपणी मॉसच्या किंवा स्पंजच्या इवल्याशा बोळ्यात वाढवतात आणि पुढे कप मोठा झाला तरी तो बोळा मधोमध तसाच राहतो. माझ्या चारही झाडांच्या पोटात तो निघाला, सुपारीएवढा, दाबला की पाणी गळायचं. बाहेरच्या मुळ्या ठणठणीत आणि बोळ्यातल्या निम्म्या गेलेल्या. मुळी तपकिरी दिसली म्हणून लगेच कात्री लावू नका. अंधारात राहिलेल्या मुळ्यांना मॉसचा रंग चढतो, पण दाबून पाहिल्या तर त्या कडक लागतात. गेलेली मुळी भिजल्या शेवईसारखी लिबलिबीत असते. चिमटीत धरून ओढली की वरची साल मोज्यासारखी निघून येते आणि हातात दोरा उरतो. तेवढ्याच कापायच्या. कात्रीचं पातं आधी गॅसवर धरून घ्यायचं. दालचिनीची पूड फक्त कापलेल्या टोकाला लावा, चांगल्या मुळीवर सांडली तर ती मुळीही सुकवते.

फुलं असताना झाडाला हात लावू नये असं म्हणतात आणि ते चुकीचंही नाही. मी दांडे कापून पेल्यात ठेवले. आईला ते अजिबात पटलं नाही. "माती न्हाई, शेण न्हाई, अन् वरून फुलंबी कापलास. आता ह्येला काय ठिवलंस?"

उन्हाळ्यात मॉसनं सालीला सपशेल हरवलं, हे कबूल करायला हवं. आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो आणि हवेत ओलाव्याचा थेंब नसतो. अडीच इंची कपातली साल सकाळी भिजवली तर संध्याकाळी खडखडीत. एप्रिल-मेमध्ये सालीतल्या झाडांना रोज पाणी, कधी दोनदा. मॉसला चौथ्या दिवशी दिलं तरी चालायचं. मे महिन्यात तीन दिवस परभणीला लग्नाला गेलो, तर परत येईपर्यंत सालीतल्या दोन्ही झाडांची पानं म्हाताऱ्याच्या तळहातासारखी सुरकुतली होती. मॉसवाल्यांना मी गेलोय हे कळलंही नव्हतं. तुमची नोकरी फिरतीची असेल, घरी पाणी घालणारं कुणी नसेल, तर पुढचं वाचलं नाही तरी चालेल. मॉस घ्या.

पण पाणी कुठलं घालणार? आमच्याकडे नळाला आठवड्यातून एकदा पाणी येतं, एरवी बोअरचं. उन्हाळा संपताना कूलरची गवताची जाळी उघडून पाहिली असेल तर बोअरच्या पाण्यात काय असतं ते तुम्हाला ठाऊक आहे. पांढरा थर, बोटाने खरवडला तर पापुद्रे पडतात. मॉसही कूलरच्या जाळीसारखंच पाणी धरून ठेवतं आणि क्षार मागे ठेवतं. जूनपर्यंत माझ्या मॉसच्या वर पांढरट साय धरली होती आणि तिला टेकलेली नवी मुळी टोकाला काळी पडली. सालीतही क्षार साचतात, पण वरून भरपूर पाणी ओतलं की बरेचसे खाली निघून जातात. मी आता पावसाचं पाणी कॅनमध्ये भरून ठेवतो. चार मिनी झाडांना एका वेळी तांब्याभर पाणी पुरतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आलेल्या गावात ऑर्किडला निवडून-पाखडून पाणी घालायचं म्हणजे थोडं चोरट्यासारखं वाटतं, पण तांब्याच आहे. आरओच्या नळीतून वाया जाणारं पाणी मात्र घालू नका, त्यात क्षार आणखी जास्त.

तरी क्षारांवरून माझं मत बनलं नाही. ते बनलं एका किरकोळ वाटणाऱ्या त्रासावरून: मॉस आतून ओलं आहे की कोरडं, हे मिनी झाडात कळतच नाही.

मोठी कुंडी उचलून पाहिली की वजनावरून अंदाज येतो. मिनीचा अख्खा कप झाडासकट मूठभर डाळीएवढा. ओला काय न् कोरडा काय, हाताला फरक लागत नाही. काडी खुपसून पाहावं तर एवढ्याशा जागेत ती मुळीतच घुसते. पारदर्शक कपातून कडेचं मॉस दिसतं, आणि कडेचं मॉस नेमकं आधी वाळतं. वरून बोट लावलं तर कुरकुरीत, म्हणून पाणी घातलं, आणि मधे तर आधीचंच पाणी मुरत बसलेलं. उन्हाळ्यात ही चूक खपून गेली. श्रावणात खपली नाही. आठ-आठ दिवस झड लागलेली, गच्चीवरच्या हिरव्या जाळीखाली सगळं दमट, आणि मी रोज सकाळी त्या दोन कपांपुढे उभा राहून घालू की नको करत होतो. घालणं सोपं असतं, म्हणून घातलं.

एका झाडाचं खालचं पान पिवळं पडलं. उपसून पाहिलं तर नर्सरीच्या बोळ्याच्या जागी मी माझ्या हाताने नवा बोळा तयार केला होता. सात मुळ्यांपैकी तीन उरल्या. त्या तीन सोडवतानाही मॉसचे तंतू मुळीला असे चिकटलेले की चिमट्याने एकेक काढताना एक मुळी मोडलीच.

याच काळात सालीतल्या झाडांकडे मी फक्त बघत होतो. ऑर्किडच्या मुळीवरचं स्पंजासारखं आवरण कोरडं असताना चंदेरी दिसतं आणि भिजलं की हिरवं. सालीच्या तुकड्यांमध्ये फटी असतात, त्यामुळे कपाच्या आतल्या बाजूने पसरलेल्या मुळ्या सरळ दिसतात. हिरव्या असतील तर पुढे जायचं, चंदेरी झाल्या की पाणी. तपासायचं झालं तर कप आडवा करायचा, साल आपोआप घरंगळते.

सालीचेही नखरे आहेत. लावण्याआधी रात्रभर भिजत घालावी लागते, नाहीतर पाणी वरच्यावर निसटतं. तुकडे हरभऱ्यापेक्षा थोडे मोठे हवेत, भुगा चाळून टाकायचा. कोळसा मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून घेतो, धुऊन. आणि मिनी झाड सालीत डुगडुगतं. डुगडुगलं की नव्या मुळ्यांची टोकं मोडतात. मी उदबत्तीच्या उरलेल्या काड्या धुऊन आधाराला लावल्या.

माझा एक मित्र म्हणतो, आपली रास्ना, म्हणजे इथलं रानटी ऑर्किड, आंब्याच्या फांदीवर उघड्या मुळ्यांनी जगते, मग यांचे एवढे लाड कशाला? युक्तिवाद सालीच्या बाजूचा आहे, पण मी तो फार ताणणार नाही. रास्ना आपल्या कोरड्या रानातली आहे. बहुतेक मिनी फॅलेनॉप्सिसच्या वंशात फिलिपिन्स-तैवानकडच्या दमट जंगलातली इक्वेस्ट्रिस ही फॅलेनॉप्सिसची जात आहे. म्हणून उन्हाळ्यात मी सालीचे कप पाणी भरलेल्या ताटात खडे टाकून त्यावर ठेवतो, आणि कूलरचा झोत थेट लागू देत नाही.

तीन मुळ्यांचं झाड, खरं तर दोन मुळ्यांचं, आता साल-कोळशात आहे आणि परवा त्याला बुंध्याशी हिरवं टोक दिसलं. मॉसमधलं दुसरं झाड अजून मॉसमध्येच आहे, चांगलं आहे, आणि मी रोज त्याच्यापुढे उभा राहतोच. दिवाळीनंतर नवं खोकं मागवणार आहे. त्यात एक ट्विंकल ऑन्सिडियम, म्हणजे दुसऱ्या कुळीचं ऑर्किड, असेल. तिच्या मुळ्या दोऱ्यासारख्या बारीक, सालीत तग धरायच्या नाहीत. उरलेली मॉसची पिशवी तिच्यासाठी ठेवलीये.