बाथरूमच्या वॉलपेपरचे ४७,२९० रुपये : हा नमुना ओळखून ठेवा

ऑनलाइन फसवणुकीत माझे एकूण ४७,२९० रुपये गेले. त्यातले ६,८४० वॉलपेपरचे, १,९५० ‘ट्रान्झिट डिपॉझिट’चे आणि ३८,५०० रिफंड देतो म्हणून काढून घेतलेले. आकडे आधीच सांगते, कारण बँकेत काय, पोलीस स्टेशनात काय, नातेवाइकांत काय, कुणीच आधी आकडा विचारला नाही. आधी विचारलं, “बाथरूमला वॉलपेपर?” हो, बाथरूमला वॉलपेपर. फसवणूक वॉलपेपरची झाली काय आणि विम्याच्या पॉलिसीची झाली काय, पैसे माझ्या पगाराचेच होते.

आमचा डोंबिवलीचा फ्लॅट जुना आहे. बाथरूम साडेचार बाय साडेसहाचं, चार फुटांपर्यंत फिक्या गुलाबी टाईल्स आणि वर पापुद्रे सुटलेलं डिस्टेंपर. टाईल्स फोडून, वॉटरप्रूफिंग करून नव्या लावायचे एका कॉन्ट्रॅक्टरने १,१५,००० सांगितले. तेवढे नव्हते. मग टाईल्स आहेत तशा ठेवून वरचा भाग स्वतः करायचं ठरवलं. शॉवरच्या बाजूची भिंत आणि छत गडद मोरपंखी, बाकीच्या तीन भिंतींना वॉलपेपर. काळपट निळ्यावर केळीची मोठी मोठी पानं असलेलं डिझाइन मनात भरलं होतं.

आणि मी हे उगाच हौस म्हणून, काही न बघता केलेलं नाही. वरच्या मजल्यावरून येणारी ओल आधी बंद करून घेतली. एक्झॉस्ट फॅन नवा बसवला. पत्र्याने सगळं डिस्टेंपर खरवडून काढलं, काचपेपर मारला, वॉटरप्रूफ पुट्टी, मग प्रायमर. रंग कोपऱ्यावरच्या हार्डवेअरवाल्याकडून मशीनवर बनवून घेतला. गडद शेड दोन हातांत झाकत नाही, तिसरा हात द्यावाच लागतो, हेही तेव्हा कळलं. ती भिंत आजही सुरेख दिसते. हे सांगते आहे, कारण “एवढ्या शिकलेल्या बाईला कळलं कसं नाही” असं म्हणणाऱ्यांना वाटतं की मी डोळे मिटून पैसे फेकले.

वॉलपेपर आधी दुकानातच बघितला होता. कॅटलॉगमधला बरा रोल ३,५०० च्या पुढे आणि लावायची मजुरी वेगळी. मग इन्स्टाग्रामवर ते पेज दिसलं. लहान बाथरूमचे आधीचे-नंतरचे व्हिडिओ, हजारो फॉलोअर, खाली “खूप छान क्वालिटी” म्हणणाऱ्या कॉमेंट. रोलचा भाव २,२८०. हे नीट लक्षात घ्या : भाव फार कमी नव्हता. ५०० ला रोल देतो म्हणाला असता तर मी पुढे गेलेच नसते. बाजारभावापेक्षा जेमतेम तिसरा हिस्सा कमी, म्हणजे “मधला दुकानदार नाही म्हणून परवडतं” हे पटेल इतकाच.

आणि माणूस मराठी बोलत होता. स्वच्छ, आपल्याकडचं मराठी. “ताई, मापं पाठवा, मी हिशेब करून देतो.” आपल्याला सवय झाली आहे हिंदीत दटावणाऱ्या, कस्टम आणि सीबीआयची नावं घेणाऱ्या फोनची. हा घाई करत नव्हता. भिंतीला ओल आहे का विचारत होता. माझ्या हिशेबाने दोन रोल पुरत होते. नेहमीचा रोल ५३ सेंटिमीटर रुंद आणि १० मीटर लांब, म्हणजे ५७ चौरस फूट. दोन रोलचे झाले ११४ आणि मला लागणार होते साधारण ८५. तो म्हणाला, पानांचं डिझाइन मोठं आहे, जोडाला जोड जुळवताना वाया जातं, तिसरा घ्या. हे खरंच आहे, मोठ्या डिझाइनला वाया जातंच. त्याला कामाची माहिती होती. म्हणूनच विश्वास बसला.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून हात थरथरतो.

वॉलपेपरच्या खऱ्या रोलवर कागदाची चिठ्ठी असते. त्यावर बॅच नंबर असतो, कारण वेगळ्या बॅचचे रोल शेजारी लावले तर रंगात फरक दिसतो. त्याच चिठ्ठीवर खुणा असतात. एक लाट म्हणजे ओल्या स्पंजने हलकं टिपता येईल इतकंच. दोन लाटा म्हणजे धुता येईल. तीन म्हणजे त्याहून पक्का. हे मला माहीत होतं, दुकानदाराने कॅटलॉग दाखवताना समजावलं होतं. म्हणून मी चिठ्ठीचा फोटो मागितला. फोटो आला. बॅच नंबरच्या जागी कागद दुमडलेला आणि खाली एकच लाट. एक! आणि हा माणूस मला “पूर्ण वॉटरप्रूफ व्हिनाइल, पाण्याने धुवा ताई” म्हणत होता.

मी विचारलं. मी विचारलं, हे सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटतं. तो म्हणाला, “तो जुन्या लॉटचा फोटो आहे ताई, तुमचा माल गोडाऊनला पॅक झाला, आता उघडता येणार नाही.” त्या एका वाक्यात सगळं होतं. माल पैसे भरण्याआधीच पॅक झाला? कुणासाठी? पण माझ्या तीन भिंती खरवडलेल्या, घरात सगळीकडे पुट्टीची भुकटी, अंघोळीला शेजारी जावं लागत होतं आणि सासूबाईंना पुढच्याच आठवड्यात गुडघ्याच्या ऑपरेशननंतर घरी आणायचं होतं. अशा वेळी माणूस उत्तर मिळालं की पुढे जातो. कुणीही गेलं असतं.

क्यूआर स्कॅन केल्यावर स्क्रीनवर दुकानाचं नाव न येता कुणा व्यक्तीचं नाव आलं. “भावाचं खातं आहे, करंट अकाउंटला लिमिट झालं.” पैसे पाठवण्याआधी जे नाव दिसतं ते खातेदाराचं नाव असतं. दुकानाच्या नावाशी ते जुळत नसेल तर तिथेच थांबा, समोरचा भावाचं सांगो की बायकोचं. ६,८४० गेले.

दोन दिवसांनी १,९५० ट्रान्झिट डिपॉझिट, डिलिव्हरीला परत मिळणारं. तेही भरलं, कारण न भरल्यास ६,८४० अडकणार होते. पुढचं सांगायला नको, तुम्हाला माहीतच आहे हे कसं चालतं. फरक इतकाच की माझ्याकडे पार्सल खरोखर आलं. आत स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये अंथरतात त्या पातळ प्लॅस्टिक शीटची दोन भेंडोळी. पार्सल येतं ते तुम्हाला थंड करायला. पैसे घेऊन गायब झाला असता तर मी त्याच संध्याकाळी तक्रार केली असती. पार्सल आलं म्हणून मी ‘चुकीचा माल आला’ असं त्यालाच कळवत बसले. तोही तयारच होता. “सॉरी ताई, पॅकिंगवाल्याची चूक. रिफंड डिपार्टमेंट फोन करेल.”

फोन आला तेव्हा छताला प्रायमरचा हात चालू होता, हात बरबटलेले. व्हॉट्सॲपवर ‘रिटर्न पिकअप फॉर्म’ नावाची फाईल आली. ती एपीके फाईल होती, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी फाईल. फोन चालू ठेवूनच त्याने ती इन्स्टॉल करायला लावली, परवानग्यांना ‘अलाऊ’ म्हणायला लावलं, पिकअपचे ५ रुपये भरायला कार्डाचा नंबर टाकायला लावला. आजकाल कुरिअर, बँक, गॅस, सोसायटी, सगळेच लिंक आणि फॉर्म पाठवतात. तीच सवय हे लोक वापरतात. ते ॲप माझे मेसेज वाचत होतं. ओटीपी मी कुणाला सांगितला नाही, ओटीपीचा मेसेज मला दिसलासुद्धा नाही. १९,५०० आणि मग १९,००० गेल्याचं बँकेच्या ईमेलवरून कळलं.

एपीके कुणीही पाठवो, उघडू नका. उघडली गेलीच तर आधी इंटरनेट बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून कार्ड ब्लॉक करा. मी त्याच फोनवरून बँकेला फोन लावत बसले, ते करू नका.

आता मदतीचं ऐका. सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, १९३०, लागला, बऱ्याच वेळाने लागला, पण तिथल्या मुलीने नीट ऐकून घेतलं आणि पोचपावतीचा नंबर दिला. त्यामुळेच ११,२०० रुपये पुढच्या एका खात्यात होल्ड झाले. यूपीआयचा बारा आकडी व्यवहार क्रमांक हाताशी ठेवून फोन करा, तो शोधण्यात मिनिटं जातात आणि तेवढ्यात पैसे पुढे सरकतात.

पोलीस स्टेशनात मला सायबरला जायला सांगितलं. सायबरवाल्यांनी रक्कम ऐकून स्थानिक स्टेशनला पाठवलं. स्थानिक स्टेशनात पुन्हा तेच, वर “पैसे तुम्ही स्वतःच पाठवलेत ना?” समोरच्या खुर्चीतला एक जण शेजारच्याला म्हणाला, “बाथरूमला वॉलपेपर लावायला निघाल्या होत्या.” दोघं हसले. मी तिथे उभी होते. मला त्या ४७,२९० चं जेवढं दुःख नाही तेवढं त्या हसण्याचं आहे. गुन्हा कुठेही घडला असला तरी माहिती नोंदवून घ्यायची, असं भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे. हे मी मोबाइलवर दाखवलं तर “कायदा आम्हाला शिकवू नका.” अर्ज घेतला, शिक्का मारला, एफआयआर नाही. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६ डी आहे, मी सगळं अर्जात लिहिलं होतं. शिक्का मारणाऱ्याने तो अर्ज वाचलासुद्धा नाही.

बँक तर त्याहून थोर. “व्यवहार ओटीपीने झालाय, म्हणजे तुम्हीच केलाय.” हे एकच वाक्य काउंटरवर, फोनवर, ईमेलवर. रिझर्व्ह बँकेचं जुलै २०१७ चं परिपत्रक आहे. ग्राहकाची जबाबदारी होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे, असं त्यात लिहिलं आहे. तक्रार कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची, हेही त्यातच आहे. ब्रँचमध्ये विचारलं तर मॅनेजरनी “असं काही नसतं” म्हणून पुढच्या माणसाला बोलावलं. बावीस वर्षांचं खातं आहे माझं तिथे. पगार, होम लोन, मुलीची फी, सगळं तिथूनच. कर्जाचा हप्ता एक दिवस चुकला तर यांचे फोन येतात, आणि दोन मिनिटांत ३८,५०० बाहेर गेले तेव्हा यांच्या सिस्टिमला काही वेगळं वाटलं नाही. होल्ड झालेले ११,२०० द्यायला दुसऱ्या बँकेला पोलिसांचं पत्र हवं, पोलिसांना कोर्टाचा आदेश हवा, आणि कोर्टात जायला एफआयआर हवा असं तेच सांगतात, जो तेच घेत नाहीत.

ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ ला, फोन केला. त्यांनी विक्रेत्याचा पत्ता विचारला. पत्ता असता तर!

बिलावरचा जीएसटी नंबर मी नंतर तपासला. गोडाऊन भिवंडीत म्हणे, आणि नंबरची सुरुवात ०९ ने. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७, ०९ म्हणजे उत्तर प्रदेश. जीएसटीच्या सरकारी साइटवर तो नंबर टाकला तर दुसऱ्याच धंद्यातल्या कुणाचं तरी नाव निघालं. त्या बिचाऱ्याला पत्ताही नसेल. हा तपास एका मिनिटाचा आणि फुकट आहे. पैसे देण्याआधी करा. ऑनलाइन विकणाऱ्याने स्वतःचं नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचा संपर्क देणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार बंधनकारक आहे. फक्त व्हॉट्सॲप नंबर असलेलं पेज म्हणजे दुकान नव्हे.

चॅट डिलीट करू नका, रागाने सुद्धा. पार्सलवरचं लेबल फाडू नका, पाठवणाऱ्याचा पिनकोड त्यावर असतो. बँकेला तोंडी सांगून येऊ नका, लेखी द्या आणि पोच घ्या. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं, पण त्याआधी बँकेकडे केलेली लेखी तक्रार दाखवावी लागते. माझे सुरुवातीचे सगळे हेलपाटे तोंडी झाले, कारण कुणी सांगितलंच नाही.

ते पेज बंद झालं आणि नव्या नावाने सुरूही झालं. व्हिडिओ तेच आहेत. एकात हिरव्या बांगड्या घातलेला हात केळीच्या पानावरून पट्टी फिरवतो, मागे तिरका टॉवेल रॉड दिसतो, त्याचा डावीकडचा स्क्रू गळालेला आहे. नाव कुठलंही असलं तरी हा व्हिडिओ दिसला तर एक रुपया पाठवू नका, आणि पेज रिपोर्ट करा. मी रोज करते.

बँकेला दिलेल्या लेखी तक्रारीचे तीस दिवस येत्या शुक्रवारी भरतात. लोकपालाकडे पाठवायचा अर्ज तयार आहे, पोचपावती, ईमेल, परिपत्रकाची प्रत, सगळं जोडलं आहे. एफआयआरसाठी पोलीस आयुक्तांना रजिस्टर पोस्टाने पत्र गेलं आहे. होल्ड झालेली रक्कम कुणाला प्रत्यक्ष परत मिळाली असेल तर कोणते कागद द्यावे लागले ते मला जरूर कळवा.