झोटेरो : मराठी ललितेतर लेखनासाठी कितपत उपयोगी?

चरित्र असो, इतिहास असो की समाजशास्त्र, ललितेतर पुस्तक लिहिताना शेवटच्या टप्प्यात हमखास अडतं ते संदर्भांपाशी. अवतरण उतरवलेलं असतं, पुस्तकाचं नावही असतं, पण पान कुठलं आणि आवृत्ती कोणती ते नसतं. मग ग्रंथालयाच्या चकरा नव्याने सुरू होतात, नाहीतर टीपच गाळली जाते. शेवटी पुस्तकांची नुसती यादी जोडून तिला 'संदर्भसूची' म्हणायची, ही आपल्याकडे रूढ झालेली पद्धत. त्या यादीवरून वाचकाला एकही विधान तपासता येत नाही. हा वाचकावर अन्याय आहे आणि तो टाळता येतो.

त्यासाठी झोटेरो हे सॉफ्टवेअर उत्तम आहे. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातल्या इतिहासकारांनी २००६ साली ते सुरू केलं, आज एक ना-नफा संस्था ते सांभाळते. मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर चालतं. काम तीन प्रकारचं : साधनांची नोंद ठेवणं, त्यांच्यावरची टिपणं ठेवणं, आणि वर्ड, लिबरऑफिस किंवा गूगल डॉक्समध्ये लिहिताना तळटीप व सूची तयार करून देणं. मराठीसाठी ते बनवलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी आधीच लावून घ्याव्या लागतात. त्या लावल्या तर गाडी सुरळीत चालते.

पहिली अडचण नोंदीतच येते. जादूच्या कांडीच्या चित्रावर क्लिक करून आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) टाकला की पुस्तकाची माहिती आपोआप भरते, हे या सॉफ्टवेअरचं खास आकर्षण. इंग्रजी पुस्तकांना ते लागू पडतं. मराठी पुस्तकाची माहिती मिळाली तर ती बरेचदा परदेशी ग्रंथालयाच्या तालिकेतून येते, म्हणजे शीर्षक आणि लेखक रोमन लिपीत, अक्षरांवर आडव्या रेघा आणि खाली टिंबं घेऊन. ते तसंच ठेवलं तर मराठी पुस्तकाच्या सूचीत रोमन ओळी घुसतात. जुन्या पुस्तकांना तर आयएसबीएनच नाही. तेव्हा मराठी पुस्तकांची नोंद हातानेच करायची हे धरून चाला. मुखपृष्ठावरून नव्हे, आतल्या शीर्षकपानावरून आणि त्याच्या पाठीमागच्या पानावरून : लेखक, शीर्षक, संपादक किंवा अनुवादक, प्रकाशन, गाव, आवृत्ती, वर्ष. आवृत्ती आणि पुनर्मुद्रण यांत गफलत करू नका, नव्या आवृत्तीत पानं सरकलेली असतात. भाषेच्या रकान्यात मराठीचा 'mr' हा संकेत भरा. वर्ष मात्र इंग्रजी आकड्यांतच टाका, नाहीतर कालक्रमाने लावताना घोळ होतो. छापताना देवनागरी आकडे हवे असतील तर ते काम शेवटी एकदम करता येतं.

नावांचं एकच धोरण ठरवा. आडनाव एका रकान्यात, स्वतःचं आणि वडिलांचं नाव दुसऱ्या. एका नोंदीत 'गो. स. सरदेसाई' आणि दुसरीत 'गोविंद सखाराम सरदेसाई' असं लिहिलंत, तर झोटेरोच्या लेखी ती दोन वेगळी माणसं. आद्याक्षरं हवी असतील तर ती स्वतः टाईप करा, सॉफ्टवेअरवर सोपवू नका. आडनाव नसलेल्या संतकवींसाठी, मंडळांसाठी आणि शासकीय समित्यांसाठी नावाचा एकेरी रकाना निवडायचा. नाहीतर 'मंडळ, भारत इतिहास संशोधक' अशी नोंद सूचीत दिसेल.

इतिहासाची साधनं वापरणाऱ्यांना थोडी जास्त मेहनत आहे. पेशवे दफ्तरातून निवडलेल्या कागदांचे ४५ खंड सरदेसाईंच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात निघाले. अशा मालिकेचा प्रत्येक खंड स्वतंत्र नोंद म्हणून भरावा, खंडक्रमांक त्याच्या रकान्यात टाकावा. पत्राचा लेखांक नोंदीत नको, तो तळटीप घालताना 'सफिक्स'च्या जागी लिहावा. म्हणजे एकाच खंडातली पन्नास पत्रं वापरली तरी नोंद एकच राहते. अप्रकाशित कागदासाठी 'मॅन्युस्क्रिप्ट' हा प्रकार घ्या. दप्तराचं नाव 'आर्काइव्ह'मध्ये आणि रुमालाचा (कागदांच्या गठ्ठ्याचा) क्रमांक त्याखालच्या जागेच्या रकान्यात जातो. शके आणि तिथी यांना मात्र झोटेरोत घर नाही. तारखेच्या रकान्यात इसवी सन द्यावा, मूळ तिथी 'एक्स्ट्रा'मध्ये जशीच्या तशी उतरवावी. इसवी सन काढताना शकात सरसकट ७८ मिळवण्याची चूक फार होते. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या कागदांना ७९ मिळवावे लागतात. पौष शुद्ध ८, शके १६८२ हा पानिपतचा दिवस १४ जानेवारी १७६१ला येतो, १७६०ला नाही.

आता वाचनाकडे. झोटेरोतच पीडीएफ आणि ईपब उघडतात, रंग लावता येतो, शेजारी शेरा लिहिता येतो, आणि 'ॲड नोट फ्रॉम ॲनोटेशन्स' म्हटलं की रंगवलेला सगळा मजकूर पानक्रमांकासह एका टिपणात गोळा होतो. इंग्रजी संशोधनपत्रांसाठी ही सोय अप्रतिम आहे. मराठी पीडीएफ तीन प्रकारच्या असतात आणि तिन्हींची वागणूक वेगळी. नुसतं स्कॅन असेल तर शब्द रंगवताच येत नाहीत. तिथे चौकट आखण्याचं साधन वापरून उताऱ्याचं चित्र उचलायचं. श्रीलिपी, सुरेख, कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमधली पीडीएफ पडद्यावर सुबक दिसते, पण रंगवलेला मजकूर टिपणात रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा होऊन उतरतो. तिसरी युनिकोडमधली. तीही निर्धोक नाही. पीडीएफमध्ये अक्षरं दिसण्याच्या क्रमाने साठवलेली असू शकतात, त्यामुळे ऱ्हस्व वेलांटी आधीच्या अक्षराला चिकटते, रफार भलतीकडे जातो, जोडाक्षरं फुटतात. तेव्हा मराठी पीडीएफमधून आलेलं कुठलंही अवतरण मूळ पानाशी ताडल्याशिवाय पुस्तकात घेऊ नये.

पानक्रमांकाचीही एक खोच आहे. स्कॅनचं ३७वं पान म्हणजे छापील २१वं पान असं सर्रास असतं, आणि माहिती नसेल तिथे झोटेरो स्कॅनचाच आकडा धरतं. पहिली खूण केली की लगेच तिच्या पानक्रमांकावर राइट क्लिक करून छापील आकडा भरा आणि 'हे पान आणि पुढची सगळी' हा पर्याय निवडा. हे पहिल्याच खुणेला केलं नाही तर शेकडो टिपांत चुकीची पानं जातात आणि तुमचं पुस्तक पडताळणाऱ्या वाचकाला ती सापडतच नाहीत. आणखी एक : केलेल्या खुणा मूळ फाइलमध्ये उतरत नाहीत, त्या झोटेरोच्या कोठारात (डेटाबेसमध्ये) राहतात. सहकाऱ्याला खुणांसकट प्रत द्यायची तर फाइल मेनूतून पीडीएफ एक्स्पोर्ट करून द्यावी.

अर्थात मराठीत बरंचसं वाचन कागदावरच होतं. तिथे पुस्तकाच्या नोंदीखाली स्वतंत्र टिपण उघडायचं : आधी पान, मग अवतरणचिन्हांत लेखकाचे शब्द, मग वेगळ्या ओळीवर आपला शेरा. हे दोन कधीही एकाच ओळीत नकोत. सहा महिन्यांनी स्वतःचं वाक्य कोणतं आणि लेखकाचं कोणतं हे ओळखू येत नाही, आणि वाङ्मयचौर्याचे पुष्कळसे आरोप इथूनच उगवतात. टाईप करायचा कंटाळा असेल तर गूगल लेन्सने पानाचा फोटो घेऊन मजकूर उचलता येतो. तपासताना भ-म, घ-ध, ब-व, थ-य या जोड्यांवर आणि गळालेल्या अनुस्वारांवर नजर ठेवा.

शोध घेताना मराठीचं आपलं एक दुखणं आहे. १९६२च्या लेखननियमांआधीच्या पुस्तकांतून उतरवलेलं 'कांहीं' हे 'काही' शोधून सापडत नाही. 'ॲ' हे अक्षर दोन पद्धतींनी टाईप होतं, एकदा एकसंध आणि एकदा अ वर चंद्र देऊन. दिसायला सारखं, पण संगणकाला वेगळं. म्हणून मजकुराच्या शोधावर विसंबू नका, प्रत्येक टिपणाला तीन-चार टॅग द्या. टॅगमध्ये आजचं प्रमाण लेखन, अवतरणात मूळ लेखन जसं असेल तसं.

लिहायला बसल्यावर झोटेरोचं खरं मोल कळतं. वर्डमध्ये कर्सर ठेवून नोंद निवडली, पान टाकलं की तळटीप तयार. मध्ये नवं प्रकरण घातलं तरी 'तत्रैव'चा (म्हणजे आधीच्या टिपेतलाच ग्रंथ, याचा) हिशेब आपोआप जुळतो. मात्र ही सोय मिळायची तर पुस्तक एकाच फाइलमध्ये हवं. प्रकरणागणिक वेगळ्या फाइली ठेवल्या तर सूचीही प्रकरणागणिक वेगळी होते. फाइल जड वाटू लागली की डॉक्युमेंट प्रेफरन्सेसमध्ये टिपा आपोआप अद्ययावत होण्याचा पर्याय बंद करा आणि दिवसाअखेर एकदा 'रिफ्रेश' दाबा. मोठ्या पुस्तकासाठी गूगल डॉक्स टाळाच, शेकडो टिपा झाल्या की ते रेंगाळतं.

शैली म्हणून 'शिकागो मॅन्युअल' या लेखननियमावलीतली तळटिपांची पद्धत घ्यावी ('तत्रैव' हवं असेल तर तिचा 'इबिड' असलेला प्रकार), पण ती जशीच्या तशी नको. तिच्यात पुस्तकाचं नाव तिरप्या ठशात येतं. देवनागरी फॉन्टना बहुधा तिरपा ठसाच नसतो, वर्ड अक्षरं ओढून तिरकी करतं आणि ती विद्रूप दिसतात. शिवाय 'अँड', 'एडिटेड बाय' असे इंग्रजी शब्द मराठी टिपेत येतात. सेटिंग्जमधल्या 'साइट' (Cite) विभागात शैलीचा संपादक आहे. तिथे आधी शैलीचं शीर्षक आणि आयडी बदला, नाहीतर पुढच्या अद्ययावतीकरणात सगळी मेहनत पुसली जाईल. मग तिरप्या ठशाच्या सूचना काढा आणि शब्द मराठीत द्या : आणि, व इतर, संपा., अनु., खंड, पृ., तत्रैव. प्रत्येक शब्दाची एकवचन, अनेकवचन, दीर्घ आणि संक्षिप्त अशी सगळी रूपं बदलावी लागतात. एखादं राहिलं की नेमकं तेच दहाव्या प्रकरणात इंग्रजीत उगवतं. संगणक जाणणाऱ्या माणसाचं हे एका दुपारचं काम आहे. एखाद्या साहित्यसंस्थेने किंवा विद्यापीठाच्या मराठी विभागाने अशी शैली नीट तपासून सर्वांसाठी खुली करावी, असं मनापासून वाटतं.

इंग्रजी पुस्तकंही वापरली असतील तर झोटेरोची एक उणीव जाणवते. आपल्याकडे मराठी आणि इंग्रजी ग्रंथांची यादी वेगळी छापतात, झोटेरो एका फाइलमध्ये एकच सूची देतं आणि तिच्यात रोमन नावं आधी लावतं. उपाय सोपा आहे. भाषेप्रमाणे दोन कलेक्शन करा, प्रत्येकातल्या नोंदी निवडून 'क्रिएट बिब्लिओग्राफी'ने क्लिपबोर्डवर घ्या आणि पुस्तकाच्या शेवटी दोन मथळ्यांखाली चिकटवा. न वापरलेलं पुस्तक सूचीत जाणार नाही हे मात्र मग आपणच पाहायचं.

खर्चाचं म्हणाल तर नोंदी आणि टिपणं कितीही असोत, त्यांचं सिंक (इंटरनेटवरून सगळ्या संगणकांत मेळ राखणं) मोफत आहे. पीडीएफ साठवायला ३०० एमबी जागा मिळते आणि ती स्कॅन केलेल्या पाच-दहा ग्रंथांतच संपते. त्यापुढे वर्षाला २० डॉलरमध्ये २ जीबी, ६० डॉलरमध्ये ६ जीबी, १२० डॉलरमध्ये अमर्याद. पैसे द्यायचे नसतील तर फाइली स्वतःच्याच संगणकावर ठेवा आणि झोटेरो बंद करून त्याचा पूर्ण फोल्डर आठवड्याला बाहेरच्या डिस्कवर उतरवा. तो फोल्डर ड्रॉपबॉक्समध्ये किंवा गूगल ड्राइव्हमध्ये ठेवून तिथूनच झोटेरो चालवणं धोक्याचं आहे, कोठार बिघडतं.

पंधरा-वीस पुस्तकांवर आधारलेल्या लेखसंग्रहाला एवढ्या खटाटोपाची गरज नाही, एक नीट वही पुरते. शंभराच्या वर साधनं असतील, किंवा काम दोन-तीन वर्षं चालणार असेल, तर मात्र पहिल्या पुस्तकापासूनच झोटेरो लावावं. अर्धं लिहून झाल्यावर जुन्या टिपा आत घालणं हे दुप्पट काम आहे.

छापखान्याकडे फाइल देताना सर्वांत जास्त नुकसान होतं, म्हणून इथे घाई नको. मूळ फाइलची प्रत काढा आणि त्या प्रतीवर 'अनलिंक सायटेशन्स' करा. टिपा साध्या मजकुरात बदलतात आणि पुन्हा जोडता येत नाहीत, म्हणून मूळ फाइल सांभाळून ठेवा. देवनागरी आकडे करायचे ते या प्रतीतच, पण इंग्रजी ग्रंथांची नावं आणि वेबपत्ते वगळून. अक्षरजुळणी करणाऱ्याला दोन गोष्टी आधीच विचारा. मजकूर युनिकोडमध्येच राहणार की जुन्या फॉन्टमध्ये जाणार? आणि वर्डची फाइल इनडिझाइन या पानं लावण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये 'प्लेस' करणार की कॉपी-पेस्ट? कॉपी-पेस्टमध्ये तळटिपांची मूळ मजकुराशी असलेली जोडणी तुटते. जुन्या फॉन्टमध्ये रूपांतर झालं तर टिपांतली रोमन नावं अगम्य देवनागरी होऊन छापली जातात, त्यामुळे प्रत्येक इंग्रजी टीप मुद्रितात अक्षर लावून वाचावी लागते. टिपांची एकूण संख्या फाइल देताना लिहून द्या आणि पहिल्या मुद्रितात तीच आहे का ते मोजा. मुद्रितावर केलेली संदर्भाची प्रत्येक दुरुस्ती त्याच वेळी झोटेरोतल्या नोंदीतही करा, म्हणजे दुसऱ्या आवृत्तीत जुनी चूक परत येणार नाही.