पोलीस पाटील की बीट हवालदार?
बांधावरून भांडण पेटलं की आमच्याकडं पहिला प्रश्न हाच, पाटलाकडं जायचं का हवालदाराकडं. पोलीस पाटील गावातलाच, 1967 च्या कायद्यानं नेमलेला, नेमणूक प्रांत (उपविभागीय अधिकारी) करतात, म्हणजे तसा खात्याचा माणूस नाहीच, मानधनावर असतो, पण रात्री 11 ला कडी वाजवली तरी बनियनवर बाहेर येतो आणि दोन्ही घरांची आज्यापासूनची भांडणं त्याला पाठ (भावकीतला निघाला तर मात्र अवघडंय). बीट हवालदार म्हणजे ठाण्याचा पोलीस, त्याच्याकडं बरीच गावं, एक बाईक, फोन लागला तर नशीब. पण एफआयआर ठाण्यातच होतो, पाटलाकडं नाही, आणि त्याची प्रत फुकट मिळते, मागून घ्या. डोकं फुटलं असेल तर मी तरी सरळ ठाणं गाठीन, नुसत्या शिवीगाळीला पाटील बास.