दाताचं इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवतात तो स्क्रू, सिरॅमिक की टायटॅनियम, नक्की कुठलं बसवायचं?
टायटॅनियमचा सगळ्यात मोठा प्लस पॉइंट म्हणजे अनुभव, स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी 1965 साली पहिल्या पेशंटला ते बसवलं आणि तेव्हापासूनचा रेकॉर्ड डॉक्टरांकडे आहे. सिरॅमिक म्हणजे इथे झिर्कोनिया, त्याचा एवढा लांबचा डेटा अजून नाहीये. पण दिसायला झिर्कोनियाच भारी! हिरडी पातळ असेल ना, तर टायटॅनियमची करडी छटा आतून दिसते, समोरच्या दातांना तर हसताना लगेच कळतं, झिर्कोनिया पांढरंच असल्याने तो प्रश्नच येत नाही, शिवाय त्यावर प्लाक, म्हणजे दातांवर साचणारा जंतूंचा चिकट थर, कमी चिकटतो असंही दिसलंय.

आता खरी गोम ऐका. झिर्कोनिया कडक आहे पण ठिसूळ, टायटॅनियम थोडं लवचिक असतं, त्यामुळे बारीक व्यासाचं झिर्कोनिया इम्प्लांट तुटायची भीती जास्त, आणि रात्री दात खाणाऱ्यांनी तर नीट विचार करावा. त्यात बरीच झिर्कोनिया इम्प्लांट्स एकसंध येतात, म्हणजे स्क्रू आणि ज्यावर कृत्रिम दात बसतो तो वरचा खुंट एकच, मग हाडात थोडं तिरकं बसलं की वरून अँगल सुधारायला फारसा वाव नाही, टायटॅनियममध्ये मात्र बहुतेक वेळा खुंट वेगळा असतो, तिरका घेता येतो, पुढेमागे बदलताही येतो.

ॲलर्जीच्या भीतीने सिरॅमिक घेत असाल तर टायटॅनियमची ॲलर्जी फार क्वचित असते हो. माझं मत, दाढेला टायटॅनियम, आणि समोरचा दात, हिरडी पातळ, हाड चांगलं असेल तर झिर्कोनिया, फक्त डॉक्टरने ते आधी बरेच बसवलेत का हे विचाराच.