द लायन किंग: १९९४चा की २०१९चा?
मोठेपणी एकच पाहायचा असेल, तर १९९४चा ८८ मिनिटांचा, हाताने रेखाटलेला चित्रपट लावा. सिंहराजा मुफासा मेल्यावर त्यात त्याच्या छाव्याच्या, सिंबाच्या, भुवया, कान, ओठ सगळं बोलतं. २०१९च्या ११८ मिनिटांच्या संगणकीय आवृत्तीत सिंह खऱ्यासारखे आहेत आणि अडचण तिथेच आहे: माणसाचे भाव खऱ्या सिंहाच्या चेहऱ्यावर उमटत नाहीत, त्यामुळे आवाज रडतो, चेहरा कोराच राहतो. आयाळ, धूळ, उजेड मात्र अप्रतिम!

मुफासाचा मूळ इंग्रजी आवाज दोन्हींत जेम्स अर्ल जोन्स यांचाच. त्याचे प्रसंग लागोपाठ पाहा, चित्रांतला फरक लगेच कळेल. जुना लावताना टीव्हीतलं मोशन स्मूदिंग (हालचाल गुळगुळीत दाखवणारी सेटिंग) बंद करा; ते मूळ चित्रांच्या मध्ये बनावट फ्रेम घुसवतं आणि रेषा थरथरतात.